कोऱ्या कागदावर उमटलेली अक्षरे

यात्रेहून परतल्यापासून आजी गप्प गप्प होती. जेवणात लक्ष नाही, दुपारची झोप नाही. टीव्हीवरची नेहमीची मालिका लागली तरी उठून देवघरात जाऊन बसायची. दोन दिवस असेच गेल्यावर सुनेने विचारले, "आई, तुम्हाला बरं नाही का?" तेव्हा आजीने पदराची गाठ सोडली आणि घडी घातलेला एक कागद बाहेर काढला.

कागदावर तपकिरी रंगात दोनच शब्द होते : 'घरावर संकट'.

यात्रेत एका झाडाखाली एक बाबा बसला होता. त्याने आजीच्या हातात कोरा कागद दिला आणि दोन्ही बाजू नीट पाहायला सांगितल्या. आजीने पाहिल्या. कुठे काही नव्हते. मग त्याने तिच्याच हातून तो कागद धुनीच्या निखाऱ्यांवर धरवला आणि बघता बघता ही अक्षरे उमटली. संकट टाळायचे तर शांती करायला हवी, तिचे अकराशे रुपये अमावास्येच्या आत पोहोचले पाहिजेत, असे बाबाने बजावले होते. आजीने पैसे मोजून देवघरातल्या डब्यात ठेवलेही होते.

पाचवीत शिकणारी नात बाजूलाच उभी होती. तिने कागद हातात घेतला, मागून-पुढून पाहिला आणि म्हणाली, "आजी, अगं असलं पत्र आम्ही शाळेत केलं होतं! लिंबाच्या रसानं."

"गप्प बस. देवाधर्माची थट्टा करू नये," आजी म्हणाली आणि कागद परत पदराला बांधला.

सुनेने वाद घातला नाही. सासूबाईंच्या डोळ्यांसमोर अक्षरे उमटली होती आणि डोळ्यांनी पाहिलेले नुसत्या बोलण्याने खोडून निघत नाही, हे तिला ठाऊक होते. तिने मुलीला स्वयंपाकघरात नेऊन सांगितले, "तू आजीला काही समजावू नकोस. तिच्यासमोर करून दाखव. पण आधी आपण दोघी करून पाहू, म्हणजे ऐन वेळी फजिती नको."

त्या दुपारी या मायलेकींनी जे केले, ते कोणत्याही घरात करता येईल. बाजारातून काही आणावे लागत नाही. सुटीत "आता काय करू?" म्हणत मागे लागणाऱ्या मुलांची दोन-तीन दुपारची सोयही होते.

लिंबाच्या रसाचे पत्र

साहित्य : अर्धे लिंबू, चमचाभर पाणी, छोटी वाटी, जळून गेलेल्या उदबत्तीच्या काडीला गुंडाळलेला कापूस, जाडसर पांढरा कागद, जुने सुती कापड आणि इस्त्री.

कृती : लिंबाचा रस वाटीत पिळून गाळून घ्यावा. बी किंवा गर राहिला तर सुकल्यावर त्याचा डाग दिसतो. रसात तेवढेच पाणी मिसळावे. कापसाची काडी रसात बुडवून निथळावी आणि कागदावर मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहावे. काडी दाबू नये. दाबले तर कागदावर खोलगट रेघ पडते आणि गुपित आधीच फुटते. कागद पंख्याखाली अर्धा तास ठेवावा. पूर्ण सुकल्यावर अक्षरे दिसेनाशी होतात.

आता इस्त्री. हे काम मोठ्या माणसाचे आहे, मुलांनी शेजारी उभे राहून पाहायचे. टेबलावर सुती कापडाची जाड घडी घालून तिच्यावर कागद ठेवावा. इस्त्री सुती कपड्यांच्या खुणेवर तापवावी. वाफेची इस्त्री असेल तर वाफ बंद ठेवावी. इस्त्री कागदावर दहा सेकंद टेकवून उचलावी, पाहावे, पुन्हा टेकवावी. थोड्याच वेळात फिकट पिवळसर रेषा दिसू लागतात आणि मग त्या तपकिरी होत जातात. अक्षरे स्पष्ट झाली की थांबावे, नाहीतर सगळा कागदच करपतो. इस्त्रीला डाग पडेल अशी शंका असेल तर कागदावर पातळ रुमाल टाकावा. वेळ थोडा जास्त लागतो एवढेच.

पुष्कळ पुस्तकांत हा प्रयोग मेणबत्तीवर करायला सांगतात. घरात लहान मुले असताना ते टाळावे. कागद कधी पेटला ते कळत नाही आणि घाबरलेले मूल जळता कागद नेमका अंगावर किंवा पडद्यावर टाकते. जुन्या पुस्तकांत विजेच्या दिव्याजवळ कागद धरण्याचीही युक्ती असे. ती तारेच्या पिवळ्या दिव्यांसाठी होती. आताचे एलईडी दिवे एवढे तापतच नाहीत. तेव्हा इस्त्रीच बरी.

असे का होते?

लिंबाच्या रसात पाण्याखेरीज सायट्रिक आम्ल असते, थोडी साखर असते आणि इतरही काही पदार्थ असतात. पाणी उडून गेले की हे सगळे कागदाच्या तंतूंमध्ये अडकून राहते. त्याला स्वतःचा रंग जवळजवळ नसल्यामुळे कागद कोरा दिसतो. म्हणजे शाई नाहीशी झालेली नसते, ती तिथेच असते.

उष्णता मिळाली की दोन गोष्टी घडतात. रसातली साखर आणि इतर पदार्थ तापून तपकिरी होतात. आणि आम्लामुळे तिथले कागदाचे तंतू कमजोर झालेले असतात, म्हणून ते शेजारच्या कोरड्या कागदाच्या आधी करपू लागतात. कागद मुळात सेल्युलोजचा, म्हणजे झाडांच्या तंतूंचा असतो. सगळा कागद तापवत राहिले तर तोही तपकिरी होईलच, पण जिथे रस लागला आहे तिथे ते लवकर होते. या लवकर आणि उशिराच्या मधल्या वेळातच पत्र वाचता येते.

स्वयंपाकघरात हा रंग रोज दिसतो. साखर पातेल्यात नुसतीच तापवली तर ती वितळून तपकिरी होते. दूध आटवताना कडेला लागलेली साय खरपूस होते. ही सगळी याच कुळातली उदाहरणे आहेत. पोथ्यांच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकांची पाने पिवळी पडून कडांना तुटतात, त्यामागेही बऱ्याचदा कागदातले आम्लच असते. फरक एवढाच, की इस्त्रीखाली जे मिनिटात होते त्याला कपाटात कित्येक वर्षे लागतात.

पहिल्या खेपेला फजिती

मायलेकींचे पहिले पत्र फसले. अक्षरे इतकी फिकी आली की वाचताच येईनात. रसात पाणी जास्त झाले होते आणि कागद पुरता सुकलाही नव्हता. मुलगी हिरमुसली. "मग बाबाचंच कसं जमलं?" तिने विचारले. आई म्हणाली, "त्याला सवय असेल. आपण एक-एक गोष्ट बदलून पाहू."

मग त्यांनी कागदाच्या सहा पट्ट्या कापल्या. एकीवर नुसत्या पाण्याने, दुसरीवर साखरेच्या पाण्याने, तिसरीवर दुधाने, चौथीवर कांद्याच्या रसाने, पाचवीवर व्हिनेगरने आणि सहावीवर लिंबाच्या रसाने एकच अक्षर काढले. प्रत्येक पट्टीच्या मागे पेन्सिलीने नाव लिहिले. सगळ्या सारख्याच वेळ सुकवल्या, सगळ्यांवर सारखाच वेळ इस्त्री ठेवली आणि कोणते अक्षर आधी उमटते ते वहीत लिहून ठेवले.

या सहांमधली सगळ्यांत महत्त्वाची पट्टी पाण्याची. ती मुलांना बिनकामाची वाटते, कारण तिच्यावर काहीच उमटत नाही. पण नेमके तेच तिचे काम आहे. कागद ओला होऊन सुकला आणि तापला, एवढ्यानेच अक्षरे आली असती तर पाण्याचीही आली असती. ती आली नाहीत, म्हणजे रसातल्या पदार्थांचाच तो परिणाम. प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञही नव्या औषधाची परीक्षा घेताना अशी एक 'पाण्याची पट्टी' बाजूला ठेवतात. पालकांनी मुलांना ही सवय लावली तर प्रयोग नुसती गंमत राहत नाही.

हळद आणि साबणाचे पत्र

इस्त्री नको असेल तर दुसरी रीत आहे. तिला उष्णता लागतच नाही.

पाव वाटी पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवावा. या पाण्याने कागदावर लिहून सुकवावे. दुसऱ्या वाटीत थोड्या पाण्यात अर्धा चमचा हळद कालवावी आणि कापसाने ते पाणी सगळ्या कागदावर हलकेच फिरवावे. कागद पिवळा होतो आणि लिहिलेले तेवढे लालसर तपकिरी उठून दिसते. हेच उलट्या क्रमानेही करता येते. आधी कागदावर हळद माखून तो वाळवायचा आणि मग त्यावर कपडे धुण्याच्या साबणाच्या पाण्याने चित्र काढायचे. रंग अधिक लाल येतो आणि आईच्या वाढदिवसाला छान भेटकार्ड होते.

याचे कारण प्रत्येक गृहिणीने पाहिलेले असते. पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडली आणि डागाला साबण लावला की पिवळा डाग लाल होतो. हळदीतल्या कर्क्युमिन या रंगद्रव्याचा तो गुण आहे. साबण, सोडा यांसारखा अल्कधर्मी पदार्थ भेटला की ते लाल होते, आणि लिंबासारखे आम्ल भेटले की पुन्हा पिवळे. लाल झालेल्या अक्षरांवर लिंबाच्या रसाचा थेंब टाकून मुलांना हे दाखवावे. हळदीपासून कुंकू करण्याची जुनी रीतही याच गुणावर आधारलेली आहे.

यात चुना वापरला तर रंग फार गडद येतो, म्हणून मोठी मुले पानाच्या डब्याकडे हात नेतील. त्यांना तो मुळीच देऊ नये. चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबताना उडून डोळ्यांत गेल्यामुळे मुलांच्या दृष्टीला कायमची इजा झाल्याची उदाहरणे आपल्या देशात आहेत. सोडा आणि साबणावर काम भागते.

निळ्या कागदावर पांढरी अक्षरे

तिसरी रीत औषधाच्या कपाटातली. जखमेवर लावायच्या तपकिरी आयोडीनच्या औषधाचे दहा थेंब अर्ध्या वाटी पाण्यात टाकावेत. भाताच्या पेजेने लिहून सुकवलेल्या कागदावर हे पाणी कापसाने फिरवले की अक्षरे निळी-जांभळी होतात. पेजेत स्टार्च असतो आणि आयोडीन व स्टार्च एकत्र आले की हा रंग येतो.

इथे एक गंमत होते. काही कागदांवर अक्षरेच नव्हे तर सगळा कागद निळा होतो. मुलांना वाटते, प्रयोग बिघडला. तो बिघडलेला नसतो. कागद गुळगुळीत व्हावा, शाई फुटू नये म्हणून कारखान्यातच पुष्कळ कागदांना स्टार्च लावलेला असतो. तो आपल्याला असा अचानक सापडतो. मग याच कागदावर लिंबाच्या रसाने लिहून सुकवावे आणि आयोडीनचे पाणी फिरवावे. आता निळ्या कागदावर पांढरी अक्षरे दिसतात, कारण लिंबातले क जीवनसत्त्व आयोडीनचा रंग घालवते. जे पत्र इस्त्रीखाली तपकिरी झाले असते, तेच इथे पांढरे उमटले.

आयोडीनचे डाग कपड्यांवरून सहजी जात नाहीत आणि काहींना त्याची ॲलर्जी असते. म्हणून हे काम मोठ्यांनी, जुन्या वर्तमानपत्रावर करावे.

अगदी लहानग्यांसाठी चौथी रीत. पांढऱ्या मेणबत्तीच्या तुकड्याने पांढऱ्या कागदावर चित्र काढावे आणि त्यावर पातळ जलरंग फिरवावा. मेणावर पाणी ठरत नाही, म्हणून चित्र पांढरेच राहते. यात आग नाही, औषध नाही, आणि चार वर्षांचे मूलही ते स्वतः करते.

हेर, कैदी आणि बाबा

ही विद्या फार जुनी आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याने चीक निघणाऱ्या एका वनस्पतीची माहिती दिली आहे. तिच्या पांढऱ्या चिकाने अंगावर अक्षरे काढून सुकू दिली आणि वर राख टाकली की अक्षरे दिसू लागतात, असे तो लिहितो. अंगाला राख फासताच अक्षरे उमटण्याच्या 'चमत्काराचे' वय यावरून समजावे. असा चीक डोळ्यांना अपायकारक असतो, म्हणून तो घरी वापरू नये. साखरेच्या घट्ट पाण्याने कागदावर लिहावे, अर्धवट सुकल्यावर उदबत्तीची गार राख भुरभुरावी आणि कागद झटकावा. चिकट जागी राख राहते आणि अक्षरे काळपट दिसतात.

युद्धांत या शाईवर माणसांचे प्राण अवलंबून असत. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टन यांचे हेर जेम्स जे या डॉक्टरने तयार केलेली शाई वापरत. तिचा गुण हा, की ती नुसत्या उष्णतेने उमटत नसे. त्यासाठी ठरावीक दुसरे रसायन कागदावर फिरवावे लागे. लिंबाचे पत्र कोणीही निखाऱ्यावर धरून वाचू शकतो, पण हळद लागते हे ठाऊक नसेल तर सोड्याचे पत्र वाचता येत नाही. वॉशिंग्टन यांची शाई या दुसऱ्या जातीची होती.

ही खबरदारी न घेतल्याची किंमत पहिल्या महायुद्धात कार्ल म्युलर या जर्मन हेराने मोजली. तो लंडनहून साध्या पत्रांच्या ओळींमध्ये लिंबाच्या रसाने बातम्या लिहून पाठवत असे. टपाल तपासणाऱ्यांनी ती पत्रे पकडली. खटल्यात चक्क लिंबू पुरावा म्हणून पुढे आले आणि जून १९१५मध्ये टॉवर ऑफ लंडनमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. पुढे तपासनीस अशा पत्रांवर आयोडीनची वाफ सोडू लागले. ओले होऊन सुकलेले तंतू थोडे विस्कटलेले असतात आणि तिथे आयोडीन जास्त धरते, म्हणून कोणत्याही शाईचे लिखाण उघडे पडे. अगदी साध्या पाण्याचेसुद्धा. म्हणजे आपली 'पाण्याची पट्टी'ही पुरती कोरी नसते, फक्त ती वाचायला इस्त्री उपयोगी पडत नाही.

रशियात लेनिन यांना १८९५मध्ये अटक झाली तेव्हा ते तुरुंगात पुस्तकांच्या ओळींमध्ये दुधाने लिहीत. दौत म्हणून ते पावाच्या मऊ भागाचे छोटे द्रोण करत आणि पहारेकऱ्याची चाहूल लागली की दौत तोंडात टाकत.

आणि याच विद्येवर पोट भरणारे बाबाही सगळीकडे भेटतात. लिंबू कापताच 'रक्त' येते, तेव्हा चाकूच्या पात्याला बऱ्याचदा जास्वंदीच्या फुलांचा रस लावून वाळवलेला असतो. लिंबाच्या आम्लाने तो लालभडक होतो. हळदीचे पाणी शिंपडताच पांढऱ्या कापडावर लाल ठसे येतात, ती सोड्याची किंवा चुन्याची करामत. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते असे प्रयोग गावोगावी, शाळांमधून करून दाखवत आले आहेत. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणे, घाबरवणे आणि त्यातून पैसे मिळवणे हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला आहे.

खिशातला लपलेला रंग

हे सारे जुन्या काळचे आहे असे समजू नये. एटीएममधून निघणारी चिठ्ठी किंवा दुकानात यंत्रातून येणारी पावती पाहावी. त्या यंत्रात बहुधा शाईच नसते. कागदावर आधीच रंगहीन रसायनांचा थर दिलेला असतो आणि यंत्राचे तापलेले टोक जिथे लागते तिथे तो काळा होतो. जुनी, नको असलेली चिठ्ठी इस्त्रीखाली धरली तर ती सगळीच काळी पडते. अशा पावत्या काही महिन्यांत फिक्या होतात, म्हणून फ्रिज-मिक्सरच्या हमीची पावती आणल्याबरोबर तिची झेरॉक्स काढून ठेवलेली बरी.

मतदान केल्यावर बोटाला लावतात ती शाईही याच नात्यातली. १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती आपल्याकडे वापरली जाते आणि म्हैसूरच्या कारखान्यात तयार होते. तिच्यातले सिल्व्हर नायट्रेट उजेडात काळे पडते आणि कातडीवर बसते. आपले लिंबाचे पत्र उष्णतेची वाट पाहते, ही शाई उजेडाची.

आजीचे उत्तर

संध्याकाळी दिवेलागण झाल्यावर नातीने आजीला हाक मारली. "आजी, एक कोरा कागद देते. दोन्ही बाजूंनी बघ." आजीने चष्मा लावून पाहिला. कागद कोराच होता. सुनेने सुती कापडावर तो पसरला आणि इस्त्री टेकवली. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या वेळी अक्षरे उमटली : 'आजी, जेवायला चल'.

आजी बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण ती धुनी होती गं. देवाची."

"आणि ही इस्त्री आहे," नात म्हणाली. "दोघींकडे ऊबच."

सुनेने तिला डोळ्यांनी दटावले आणि आजीच्या हातात लिंबाची फोड आणि कापसाची काडी दिली. "आई, तुम्हीच लिहा ना काहीतरी. आम्ही बघणार नाही."

आजी कागद घेऊन देवघरात गेली. तिने काय लिहिले ते सुकायला अर्धा तास गेला, आणि त्या अर्ध्या तासात दोन दिवसांनी पहिल्यांदाच ती पोटभर जेवली. कागदावर इस्त्री फिरवल्यावर वाकड्या, थरथरत्या अक्षरांत उमटले : 'घर सुखी आहे'.

"बघ," आजी म्हणाली, "जे लिहावं तेच उमटतं. मेल्यानं संकट लिहिलं होतं."

अकराशे रुपये देवघरातल्या डब्यातून निघाले आणि नातीच्या शाळेच्या सहलीला गेले. बाबाचा कागद मात्र आजीने फाडू दिला नाही. तो तिने नातीच्या वहीत सहा पट्ट्यांशेजारी चिकटवायला लावला. आणि गुरुवारी भजनाला निघताना सुनेला म्हणाली, "दोन लिंबं दे गं पिशवीत. आणि ती जुनी इस्त्री कुठे आहे? मंडळातल्या तिघी-चौघी यात्रेहून असेच कागद घेऊन आल्यात."